जपानी तांदूळ घेताना त्याची सडणी विचारा

आमच्या दुकानात येणाऱ्या मराठी कुटुंबांचा पहिला प्रश्न बहुधा तांदळाच्या जातीबद्दल असतो. कोशिहिकारी घ्यावा की आकिताकोमाची, हितोमेबोरे चांगला की सासानिशिकी, असे विचारले जाते, आणि चवीच्या दृष्टीने तो प्रश्न योग्यच आहे. अलीकडे मात्र त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे. मुलांच्या डब्यात भात, रात्री वरणभात, शिवाय उरलेल्याचा दहीभात, असे ज्या घरात रोजचे चालते, त्या घराने यांपैकी अधिक पौष्टिक तांदूळ कोणता समजावा? याचे उत्तर जातीच्या नावावरून मिळत नाही. ते तांदूळ किती सडला आहे, म्हणजे घासून त्याचा कोंडा किती काढला आहे, यावर ठरते, आणि हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच काढले आहे.

जातींविषयी थोडक्यात सांगतो. 1956 साली नोंदला गेलेला कोशिहिकारी आजही जपानमध्ये सर्वाधिक पिकतो. त्याचा भात चिकट, चकचकीत आणि किंचित गोडसर होतो. 1963 चा सासानिशिकी कमी चिकट असल्यामुळे ज्यांना मोकळ्या भाताची आठवण येते त्यांना आम्ही तो आवर्जून सुचवतो. 1984 चा आकिताकोमाची हा कोशिहिकारीच्याच वंशातला आहे. हे तिन्ही पूर्ण पांढरे करून विकले, तर त्यांच्या पोषणात सांगण्याजोगा फरक राहत नाही.

आता एक दाणा तळहातावर घेऊन उजेडात पाहा. पांढऱ्या जपानी तांदळाच्या एका टोकाला, जरा बाजूला, एक लहानशी खाच दिसेल. तिथे दाण्याचा कोंब होता. यंत्रात दाणे एकमेकांवर घासले जातात तेव्हा वरचा तपकिरी कोंडा आणि हा कोंब दोन्ही निघून जातात. 10 किलो तांदूळ पूर्ण पांढरा केला की सुमारे 9 किलो हातात येतो आणि उरलेला किलोभर भाग कोंड्याच्या रूपाने पिशवीत पडतो. हा कोंडा यंत्रातून कोमट बाहेर येतो आणि त्याला शेंगदाण्याच्या कुटासारखा खमंग वास असतो. जीवनसत्त्वे, तंतू आणि खनिजे यांचा मोठा वाटा त्या पिशवीत गेलेला असतो.

आपल्याकडे हातसडीचा तांदूळ म्हणतात त्याच्या पायऱ्या जपानमध्ये आकड्यांनी मोजल्या जातात. फक्त तूस काढलेला तो गेन्माई आणि पूर्ण पांढरा तो हाकुमाई. त्यांच्यामधल्या पायऱ्यांना बुझुकी म्हणतात. सान्बुझुकी म्हणजे दहापैकी तीन भाग कोंडा काढलेला, गोबुझुकी म्हणजे पाच भाग, नानाबुझुकी म्हणजे सात भाग. आकडा वाढला की तांदूळ अधिक सकस, असा समज अनेकांचा होतो. प्रत्यक्षात आकडा वाढेल तसा तांदूळ पांढरा होत जातो. या रांगेत एक वेगळा प्रकार आहे तो हाइगामाई. त्याचा कोंडा जवळजवळ सगळा काढलेला असतो, पण कोंब राखलेला असतो, आणि हे नाव लावण्यासाठी किमान 80 टक्के दाण्यांवर कोंब शाबूत असावा लागतो. पांढऱ्या दाण्यावर जिथे खाच दिसली, तिथे हाइगामाईवर पिवळसर ठिपका दिसतो.

फरक किती पडतो, हे जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या अन्नघटक तक्त्यावरून कळते. 100 ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात ब-1 जीवनसत्त्व सुमारे 0.08 मिलिग्रॅम असते, हाइगामाईत 0.23 आणि गेन्माईत 0.41. तंतू याच क्रमाने सुमारे 0.5, 1.3 आणि 3.0 ग्रॅम, तर मॅग्नेशियम 23, 51 आणि 110 मिलिग्रॅम. नानाबुझुकीचे आकडे हाइगामाईच्या जवळपास येतात, गोबुझुकीचे त्याहून थोडे वर. उष्मांक मात्र सगळ्यांत जवळजवळ सारखेच आहेत. त्यामुळे वजन उतरवण्यासाठी गेन्माई घेणाऱ्यांना आम्ही स्पष्टपणे सांगतो की भाताचे प्रमाण तेच ठेवले, तर केवळ तांदूळ बदलून उष्मांक कमी होत नाहीत. फार तर अधिक चावावे लागल्यामुळे पोट लवकर भरल्यासारखे वाटते.

ब-1 जीवनसत्त्वाला जपानमध्ये एवढे महत्त्व का दिले जाते, यामागे इतिहास आहे. आजच्या तोक्योचे नाव एदो होते त्या काळी शहरात पांढरा तांदूळ खाण्याची चाल पडली आणि तिच्याबरोबर पायांतले बळ नेणारा, ब-1 च्या कमतरतेने होणारा बेरीबेरी हा रोग पसरला. लोक त्याला एदोचा आजार म्हणत. 1882-83 मध्ये र्‍यूजो या नौदलाच्या प्रशिक्षण जहाजावर 376 जणांपैकी 169 जण या रोगाने आजारी पडले आणि 25 दगावले. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी 1884 मध्ये त्सुकुबा हे जहाज त्याच मार्गाने, पण बदललेला आहार देऊन पाठवले. त्या सफरीत मोजकेच लोक आजारी पडले आणि बेरीबेरीने कोणी दगावले नाही. कारण प्रथिनांची कमतरता असावी, हा त्यांचा तर्क पूर्ण बरोबर नव्हता, पण उपाय लागू पडला. पुढे 1910 मध्ये सुझुकी उमेतारो यांनी तांदळाच्या कोंड्यातूनच हा रोग रोखणारा घटक वेगळा केला. कोकण-गोव्याकडच्या ग्राहकांना इथे उकडा तांदूळ आठवेल, आणि ते साहजिक आहे. साळ उकडताना ब-गटातली जीवनसत्त्वे दाण्याच्या आत उतरतात, म्हणून उकडा तांदूळ सडल्यावरही ती बरीच टिकतात. नेहमीचा जपानी तांदूळ उकडलेला नसतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत सडणीचे महत्त्व अधिक आहे.

कोणता घ्यावा

आजवर पांढराच भात खाणाऱ्या घराने एकदम गेन्माईवर जाऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. आम्ही स्वतः पहिल्या वर्षी तसे केले होते. न भिजवता, पांढऱ्या तांदळाच्याच मापाने शिजवलेला तो भात टणक राहिला, मुलांनी ताट सरकवले आणि उरलेली पिशवी उन्हाळ्यात खवट होऊन टाकावी लागली. पौष्टिक तांदूळ घरात रोज खाल्ला गेला तरच उपयोगाचा. म्हणून सुरुवात नानाबुझुकीने किंवा हाइगामाईने करावी. वरण कालवून खाताना यांतला फरक फारसा जाणवत नाही, आणि भाताचा रंग फक्त किंचित सायीसारखा दिसतो. महिना-दोन महिन्यांनी घरात सर्वांना रुचले, तर गोबुझुकी. गेन्माईच हवा असेल, तर मिल्की क्वीनसारख्या मऊ जातीचा घ्यावा किंवा जरासा कोंब फुटलेला हात्सुगा गेन्माई घ्यावा, जो बराच लवकर शिजतो. त्याला औषध म्हणून आम्ही विकत नाही आणि कोणी तसे समजूही नये.

तंतू वाढवणे हाच हेतू असेल, तर सोपा मार्ग जवाचा आहे. मोचीमुगी म्हणजे चिकट जातीचा जव. त्यात 100 ग्रॅममागे 10 ग्रॅमहून अधिक तंतू असतात आणि त्यांतला बीटा ग्लुकान हा विरघळणारा तंतू साखर रक्तात हळूहळू उतरायला मदत करतो. दोन गो, म्हणजे सुमारे 300 ग्रॅम तांदळात 50 ग्रॅम मोचीमुगी आणि त्यापुरते 100 मिलिलिटर जास्तीचे पाणी घालावे. मधुमेह असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे की चिकट जपानी तांदूळ बासमतीपेक्षा सहसा लवकर पचतो. त्यामुळे वाटीचे माप आणि सोबतची डाळ-भाजी यांचे महत्त्व कोणत्याही सडणीत कायम राहते.

दोन बाबतींत मात्र आम्ही पांढरा तांदूळच सुचवतो. कोंड्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस अधिक असल्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नये. तसेच तांदळातील आर्सेनिक दाण्याच्या आतल्या भागापेक्षा कोंड्यात अधिक साठते; म्हणून तान्ह्या मुलांची पेज किंवा मऊ भात गेन्माईचा रोज करू नये.

शिजवताना

हाइगामाई रोवळीत घासून धुतला, तर ज्या कोंबासाठी पैसे दिले तोच पाण्याबरोबर वाहून जातो. भांड्यात पाणी घालून एक-दोनदा हलकेच ढवळावे आणि ओतून टाकावे. पाणी थोडे गढूळ राहिले तरी चालते. पांढऱ्या तांदळाला मापाच्या सव्वापट पाणी पुरते आणि उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत तासभर भिजवणे पुरेसे होते. हाइगामाई आणि नानाबुझुकी तासभर भिजवून थोडे अधिक पाणी घालावे. गेन्माई मात्र रात्रीच भिजत घालावा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये, आणि राईस कुकरमध्ये गेन्माईची वेगळी खूण पाहून पाणी घ्यावे. भारतातून आणलेल्या शिट्टीच्या कुकरमध्ये डब्यात शिजवायचा असेल, तर एका वाटीला दोन वाट्या पाणी घालून आच मंद ठेवावी आणि वाफ आपोआप जिरू द्यावी.

घेताना आणि साठवताना

पिशवीवर उत्पादनाचा प्रदेश, जात, पिकाचे वर्ष आणि सडणीचा काळ छापलेला असतो. सडणीच्या काळाच्या जागी कधी तारीख असते, तर कधी महिन्याचे पहिले, मधले किंवा शेवटचे दहा दिवस एवढेच लिहिलेले असते. कोंडा राखलेल्या तांदळात तेल असते आणि ते हवेने खवट होते, म्हणून अशा तांदळाच्या बाबतीत हा काळ आवर्जून वाचावा. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढाच तांदूळ घ्यावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. जूनच्या पावसाळी दिवसांत बाहेर ठेवलेल्या तांदळात सोंडे होतात.

आमच्याकडे गेन्माई साठवलेला असतो आणि ग्राहकासमोर सडून दिला जातो. मागताना आधी जात आणि मग सडणी सांगावी, उदाहरणार्थ, सासानिशिकी, नानाबुझुकी, दोन किलो. पहिल्यांदा घेत असाल, तर एकाच जातीचा किलोभर नानाबुझुकी आणि किलोभर गोबुझुकी असा घेऊन दोन्ही घरी शिजवून पाहावेत. निघालेला कोंडाही हवा असल्यास सांगावे; तो त्याच दिवशी कोरडा भाजून भाकरीच्या पिठात चमचाभर मिसळता येतो.