दयाळ की चिरक?

काळा-पांढरा पक्षी, शेपटी उभारलेली. एवढ्यावर वहीत ‘दयाळ’ लिहून मोकळं होणारे खूप आहेत. देशावरच्या कोरड्या, मुरमाड भागात तर ही घाई नकोच. कुंपणाच्या दगडांवर बसलेला तो पक्षी चिरक असण्याची शक्यता भरपूर.

शेपटी दोघंही उभारतात, किडे दोघंही बहुधा जमिनीवरच टिपतात आणि दोघांचेही नर काळे. म्हणून आधी पोट बघा. दयाळ नराचं पोट पांढरंशुभ्र असतं, पंखावरचा लांब पांढरा पट्टा तो बसलेला असतानाही दिसतो आणि शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या असतात. चिरक नराचं पोट काळंच. त्याच्या खांद्यावरचा पांढरा डाग बसल्यावर बऱ्याचदा झाकला जातो, उडाला की चमकतो. खरी खूण शेपटीखाली: तिथला विटकरी रंग. चिरक पाठमोरा बसून शेपटी वर करतो तेव्हा तो लख्ख दिसतो. ही खूण पटली की पुढे शंका उरत नाही.

खरी गल्लत माद्यांपाशी होते. दयाळ मादीत काळ्याच्या जागी राखाडी रंग असतो, पण पंखावरचा पांढरा पट्टा कायम. चिरक मादी सगळी मातकट तपकिरी, पांढरा ठिपकासुद्धा नाही. शेपटीखालचा विटकरी रंग मात्र तिलाही असतो. आकाराने दयाळ साधारण बुलबुलाएवढा, चिरक त्याहून लहान.

दयाळाला झाडं आणि सावली लागते. उन्हाळ्यात पहाटे उंच फांदीवर बसून तो गातो ते ऐकण्यासाठी लवकर उठावं, इतकं सुरेख. चिरकाला उघडी जमीन, दगड, पडकी भिंत आवडते. भिंतीच्या भोकातल्या त्याच्या घरट्यात केसांसोबत कधी सापाची कातही सापडते. विणीच्या दिवसांत मात्र तिथे डोकावू नका.

नोंद करताना नावाआधी पोटाचा, पंखाचा आणि शेपटीखालचा रंग लिहा; नर-मादी, वेळ, संख्याही. फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षीगणनेसाठी निदान १५ मिनिटं निरीक्षण करून दिसलेले सगळे पक्षी नोंदवायचे असतात. शेपटीखालचं काही दिसायच्या आत पक्षी उडाला, तर ‘ओळख पटली नाही’ असंच लिहा. अंदाजाने लिहिलेला दयाळ त्या जागेवरचा चिरक नोंदीतून कायमचा पुसून टाकतो.