बटाट्याच्या काडीत गहू कुठून आला?

घरी फिंगर चिप्स करायच्या तर बटाटे, तेल आणि मीठ एवढं पुरतं. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजची घटकयादी वाचायला मात्र थोडा वेळ काढावा लागतो. बटाटा, तीन-चार प्रकारची तेलं, डेक्स्ट्रोज, सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट, मीठ. शिवाय तेलाच्या कंसात 'नॅचरल बीफ फ्लेवर', आणि तो बनवताना वापरलेलं गहू आणि दूध.

यातल्या प्रत्येकाला काम नेमून दिलेलं आहे. बटाट्यातली साखर साठवणुकीप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून एक घाणा फिका निघतो तर दुसरा लगेच लालभडक होतो. डेक्स्ट्रोज ही साखर वरून दिली की सगळ्या काड्यांना सारखा सोनेरी रंग येतो. शिजलेला बटाटा ठेवला की काळसर पडतो, कारण त्यातल्या लोहाची एका आम्लाशी गाठ पडते. पायरोफॉस्फेट ते लोह आधीच पकडून ठेवतं.

बीफ फ्लेवर का आला, ते जरा सविस्तर सांगायला हवं. 1990 पर्यंत हे फ्राइज मुख्यतः गाईच्या चरबीत तळले जात. कोलेस्टेरॉलवरून टीका वाढल्यावर कंपनीने वनस्पती तेल आणलं. चरबी गेली तशी तिची चवही गेली, आणि ती परत आणायला कारखान्यात अर्धवट तळतानाच तेलात हा स्वाद घालू लागले. 'वनस्पती तेलात तळलेले' या शब्दांवर विश्वास ठेवून तिथल्या कितीतरी शाकाहारी भारतीय घरांनी मुलांच्या हातात ती पुडी दिली. 2001 मध्ये सिअॅटलचे वकील हरीश भारती यांनी दावा लावला. भारतातल्या फ्राइजमध्ये असा स्वाद नसल्याचं कंपनीने सांगितलं, तरी तेव्हा ठाण्यातल्या दुकानाची मोडतोड झाली. 2002 मध्ये कंपनीने माफी मागून तडजोडीत 1 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. मोडतोडीचं समर्थन मी करणार नाही, पण फसवलं गेल्याची ती भावना मला खरी वाटते.

असा स्वाद तयार कसा करतात? प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. आम्लाने किंवा विकरांनी त्या तोडायच्या आणि सुटे मणी साखरेबरोबर तापवायचे, की भाजल्या मांसासारखा वास उठतो. वाटणासाठी कांदा-खोबरं खरपूस भाजताना घरभर जो घमघमाट सुटतो, त्यातही हीच मेलार्ड अभिक्रिया असते. तोडायला गव्हातलं आणि दुधातलं प्रथिन चालतं. बटाट्याच्या काडीत गहू येतो तो असा.

ज्यांना सीलिअॅक हा गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार आहे, त्यांच्यासाठी ही माळ किती बारीक तुटली हाच सगळा प्रश्न असतो. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन; त्याचे काही तुकडे आतड्यातल्या प्रतिकारशक्तीला चिथावतात आणि ती आतड्याच्या अस्तरावरच उलटते. 'ग्लूटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत, ही मर्यादा भारतातही आहे. अडचण मोजण्यात येते. नेहमीच्या चाचणीत प्रतिपिंड तुकड्याला दोन ठिकाणी पकडतात. तुकडा तेवढा लांब नसेल तर तो हातून निसटतो, आणि आतड्याला मात्र तो ओळखू येऊ शकतो. म्हणून इथे केवळ प्रयोगशाळेच्या आकड्यावर भागत नाही. मूळ माल काय होता, हे बनवणाऱ्यानेच सांगायला हवं.

उलटं उदाहरण चिप्स आणि नूडल्सच्या मसाल्यात चव वाढवायला घालतात त्या डायसोडियम इनोसिनेटचं; पाकिटावर ते नुसतं 631 या क्रमांकाने लिहिलेलं असतं. 1913 मध्ये शिंतारो कोदामा या जपानी शास्त्रज्ञाने सुकवलेल्या बोनिटो माशाच्या चवीमागे इनोसिनेट असल्याचं दाखवलं. अजिनोमोटोबरोबर ते चिमूटभर पडलं तरी चव कितीतरी पटींनी खुलते. आज ते मांस-मासळीपासून करता येतं, तसंच टॅपिओकाच्या साखरेवर जिवाणू वाढवूनही करता येतं. दोन्हीकडून निघणारा रेणू एकच. शरीराला त्याने काही फरक पडत नाही, पण जैन आजीला पडतो, आणि पाकिटावरचा आकडा तिला काहीच सांगत नाही. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमक्या याच 631 चा दाखला देऊन म्हटलं, की नुसता क्रमांक देऊन चालणार नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा की प्रयोगशाळेतला तेही जाहीर करा. हा आदेश मला फार मोलाचा वाटतो.

हिरवा ठिपका फक्त शाकाहाराचं सांगतो. गहू, दूध, शेंगदाणे, सोया यांसाठी ॲलर्जीची वेगळी ओळ असते, ती शोधून वाचावी लागते. सुट्या खाण्याला तर पाकीटच नसतं.

माझ्या भाचीला सीलिअॅक आहे. मागच्या पावसाळ्यात एका गाडीवर आम्ही बटाटेवडा मागितला, पाव नको म्हणून सांगितलं. "गव्हाचं काही नाही ना, काका?" तिने विचारलं. "नाही गं, बेसनच आहे सगळं." तो खरंच बोलत होता. पण तिला हिंगाची डबी बघायची होती. बाजारातलं बांधानी हिंग बहुतेक वेळा डिंक आणि पिठाबरोबर मळलेलं असतं, कधी तांदळाच्या, कधी गव्हाच्या. काकांनी हात पुसले, फळीवरची पिवळी डबी काढली आणि चष्मा नव्हता म्हणून तिच्याच हातात दिली. बारीक अक्षरात होतं: मैदा.

डबी परत घेताना ते क्षणभर कढईकडे बघत राहिले. मग आपणहून म्हणाले, "आणि बाळ, समोसेपण याच तेलात तळतो मी."