विलापगीतातली मधली ओळ

भायखळ्याच्या एका जुन्या चाळीत दर बुधवारी संध्याकाळी आम्हा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना असते. दहा बाय बाराची खोली. कॉट भिंतीला सरकवलेली, खाली चटया, दाराबाहेर चपलांचा ढीग. येणारा प्रत्येक जण ‘सलाम’ म्हणत आत येतो आणि मिळेल त्या कोपऱ्यात मांडी घालतो. स्टेशनात लोकल शिरली की पाळकसाहेब वाक्य अर्धवट सोडून थांबतात, गाडी गेली की तिथूनच पुढे सुरू करतात. पेटीवर दोन भजने होतात आणि मग साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते उठून सांगण्याची, वेळ येते.

गेल्या महिन्यात एक मावशी उठल्या. मुलाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. त्या एवढेच म्हणाल्या, “देव विश्वासू आहे.” आणि बसल्या. खोलीत सगळे ‘आमेन’ म्हणाले.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पगार वेळेवर झाला, मुलगी दहावी पास झाली, ऑपरेशन नीट पार पडले की ते हमखास येते. मावशींचे तसे नव्हते. त्यांच्या घरात काहीच पार पडलेले नाही. म्हणून या वाक्याचा माग काढावासा वाटला: ते कुठून आले, आणि मुंबईच्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, कुणाकुणाच्या तोंडून फिरत आपल्यापर्यंत पोहोचले.

मूळ शोधायला यरुशलेमेपर्यंत जावे लागते. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने लांबलेल्या वेढ्यानंतर ते शहर पाडले, मंदिर जाळले, लोकांना धरून नेले. त्या राखेत बसून लिहिलेले बायबलातले पुस्तक म्हणजे विलापगीत. परंपरा ते यिर्मया संदेष्ट्याचे मानते, पुस्तकात मात्र कवीचे नाव नाही. त्यात पोरे आईला धान्य कुठे आहे, द्राक्षारस कुठे आहे असे विचारतात आणि तिच्या मांडीवर प्राण सोडतात. याच पुस्तकात ती ओळ आहे: आम्ही नष्ट झालो नाही ही परमेश्वराची दया, त्याच्या करुणेला खंड नाही, ती रोज सकाळी नवी असते, तुझे विश्वासूपण थोर आहे, अशा अर्थाची.

ती ओळ पुस्तकात कुठे येते, हे आपण फारसे पाहत नाही. विलापगीताचे पाच अध्याय आहेत आणि ही ओळ तिसऱ्या अध्यायात, २२ आणि २३ व्या वचनांत आहे. म्हणजे बरोबर मधे. पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत. हिब्रूत अक्षरे बावीस, म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत बावीस-बावीस वचने. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन वचने, म्हणून सहासष्ट. कवी रडतोय, पण बाराखडी धरून रडतोय. घर कोसळलेल्या माणसाने हाताला लागेल तो खांब धरावा तशी त्याने अक्षरे धरली आहेत, असे मला ते वाचताना दर वेळी वाटते.

त्या ओळीत आणखी एक बारीक गोष्ट घडते. त्या अध्यायात तोवर कवी बहुतेक देवाविषयी बोलत असतो: त्याने मला अंधारात नेले, त्याने माझी वाट अडवली. इथे अचानक तो ‘तुझे’ म्हणतो. बोलता बोलता मान वर केल्यासारखा. पण तिथे पुस्तक संपत नाही. त्याच अध्यायात डोळ्यांतून पुन्हा पाण्याचे पाट वाहू लागतात, चौथा अध्याय उपासमारीकडे परततो आणि पाचवा देवाला विचारतो, तू आम्हाला कायमचे टाकलेस का? त्यावर उत्तर नाही. पूर्ण पुस्तकात देव स्वतः एक शब्दही बोलत नाही.

आपल्या साक्षींत आपण ही मधली ओळ उचलून शेवटी नेऊन ठेवली आहे. संकट आले, प्रार्थना केली, संकट गेले, देव विश्वासू आहे. अशा साक्षी खोट्या नसतात. मी स्वतः दिल्या आहेत. पण ज्याचे संकट गेलेले नाही तो त्या खोलीत गप्प बसतो, आणि ते मला बोचते.

विश्वासूपणासाठी हिब्रूत ‘एमुना’ हा शब्द आहे, आणि ‘आमेन’ त्याच धातूतून आला आहे. मराठीत माणसाचा विश्वास आणि देवाचे विश्वासूपण एकाच मुळातून निघतात, तसेच तिकडेही. पण एमुनाचा सगळ्यात साधा वापर बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. अमालेक या शत्रू टोळीशी लढाई चालू असताना इस्राएलांचा पुढारी मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो. हात थकतात. मग त्याला दगडावर बसवतात आणि अहरोन व हूर दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ राहिले, असे मूळ भाषेत आहे. स्थिर, न ढळणारे. आणि ते दुसऱ्यांनी धरले होते.

मुंबईत ही भाषा मराठीतून बोलू लागलेल्या पहिल्या पिढीची कहाणीही अशीच मधेच तुटलेली आहे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम काढला. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल मुंबईला पोहोचण्याआधीच त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशस बेटावर वारली होती, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. न्यूएल स्वतः १८२१ मध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात कॉलऱ्यानेच गेले, आणि त्याच साली त्यांच्या मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यातून बायबलातला नवा करार मराठीत बाहेर पडला. मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये पती, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याबरोबर आल्या, मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि १८३५ मध्ये इथेच वारल्या. यांच्यापैकी कुणालाही आपल्या कामाचा शेवट पाहायला मिळाला नाही.

पण परदेशी माणसाने धीर धरणे आणि इथल्या माणसाने धीर धरणे यांत फरक आहे. मिशनऱ्यामागे मंडळ होते, पत्रे येत-जात होती. पंडिता रमाबाईंमागे कोण होते? १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. तीर्थे झाली, उपासतापास झाले, पुराणे सांगून झाली, अन्न मिळाले नाही. भावाबरोबर पायी हिंडत त्या कलकत्त्याला पोहोचल्या. १८८० मध्ये तो भाऊही गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत, चौपाटीजवळ, त्यांनी शारदा सदन उघडले. आज त्या बाजूने बसने जाताना मी नेहमी तो समुद्र बघतो. मुलीखेरीज सगळी माणसे गमावलेली तिशीतली एक बाई त्या किनाऱ्यावर विधवांसाठी घर उघडून बसली होती, आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येक मुलीत तिला स्वतःचीच कहाणी दिसत असणार.

पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेले. धर्मावरून वाद झाला आणि मदतनीस मंडळातली मोठी माणसे बाजूला झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व बायका गाड्यांतून घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. दुष्काळाने जिचे घर पुसले तीच दुष्काळात दुसऱ्यांना शोधायला गेली. एवढे सगळे होऊनही शेवट गोड नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. मुलीच्या पश्चातले ते आठ-नऊ महिने त्यांनी त्या कामावर घालवले.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईतच झाला. इतिहास म्हणून ही तारीख सगळ्यांना पाठ असते, पण त्या तारखेची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या काही वर्षे माहेरच्या माणसांत एकट्या राहिल्या, सोवळे-ओवळे पाळत, लोकांचे बोलणे ऐकत. पुढे दोघे नगरला एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. तो पूल आपल्या गाण्यांत अजून ऐकू येतो. अभंगातला भक्त देवाशी भांडतो, रुसतो, पाय सोडत नाही. विलापगीताची रीत मराठी माणसाला शिकवावी लागली नाही, ती त्याच्या घरातच होती. टिळकांच्या भजनांना मराठी मंडळ्यांत इतके प्रेम मिळाले त्याचे हे एक कारण असावे. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईतच वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. त्या साथीच्या खुणा आजही गल्लीबोळांत उभ्या आहेत. माझगावची माथारपाखाडी, गिरगावची खोताची वाडी, वांद्र्याची गावठाणे इथले कितीतरी क्रूस प्लेगच्या वर्षांत लोकांनी उभे केले, कुणी रक्षणासाठी, कुणी वाचल्याच्या आभारासाठी. मे महिन्यात ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक, घरांतली माणसे अजून तिथे रोझरीला जमतात. झेंडूचा हार, मेणबत्तीचा ओघळ, बाजूला लावलेली स्कूटर. घरात मढे असताना, शेजारी शहर सोडून पळत असताना, राहिलेल्यांनी रस्त्याच्या कडेला गुडघे टेकले होते. मी प्रॉटेस्टंट घरातला, पण त्या क्रूसांसमोरून जाताना पाऊल आपोआप हळू पडते.

नंतरच्या पिढीकडे क्रूस उभारण्याइतकी जागा नव्हती. माझे आजोबा नगरहून आलेले, गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरापुरता तो संपलाच नाही. आजीने पितळेचा हंडा विकला, मग घंगाळ. तिचे बायबल माझ्याकडे आहे, दोऱ्याने शिवलेले, हळदीच्या बोटांचे डाग पडलेले. हबक्कूक या बायबलातल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात सतराव्या वचनाखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात ‘८२’. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असे ते वचन. पुढचे अठरावे, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असे म्हणणारे, सगळे जण पाठ करतात. आजीची रेघ सतराव्याखालीच आहे.

१० एप्रिल २०२० चा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) मुंबईच्या मंडळ्यांनी बंद दारांमागे, मोबाइलच्या पडद्यावर पाळला. त्यानंतरच्या महिन्यांत ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांतल्या काहींना शेवटची भेटही झाली नाही. त्यांच्यातले काही आज बुधवारी येतात. साक्षीला उठत नाहीत.

त्या संध्याकाळी मावशी बसल्यावर पाळकसाहेबांनी लगेच प्रार्थना सुरू केली नाही. लोकल येऊन गेली तरी ते थांबूनच होते. मग शेवटचे भजन झाले, चहा आला, आणि दारात चपला शोधता शोधता दोघा पोरांनी मावशींना विचारले, उद्या किती वाजता निघायचंय. सहाला, त्या म्हणाल्या. एक जण टॅक्सी घेऊन येणार आणि दुसरा तिथे दुपारपर्यंत बसणार, असे जिन्यातच ठरले.