पत्ते पिसल्यासारखे दिसले, एवढंच

'सुरक्षा अपडेट' टाकलं की आपण सुटलो, असा एक समज आहे. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. सपशेल खोटा ठरला तो प्रसंग मात्र मला फार आवडतो.

ओपनएसएसएल हे खुलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. वेबसाइटशी होणारा आपला गुप्त व्यवहार असंख्य सर्व्हरांवर तेच सांभाळतं. सप्टेंबर 2006 मध्ये डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाणात त्यात एक किरकोळ दुरुस्ती झाली. व्हॅलग्राइंड नावाचं तपासणीचं अवजार कुरकुरत होतं : मेमरीचा हा तुकडा वाचताय, पण त्यात अजून कुणी काही लिहिलेलंच नाही! एरवी अशी कुरकुर रास्तच असते. डेबियनच्या कार्यकर्त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलंसुद्धा. आडकाठी आली नाही, आणि कुरकुरीला कारण असलेली, प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी आलेली ओळ बंद झाली. त्या ओळीतल्या फंक्शनच्या नावातही 'अपडेट' हा शब्द आहे, हा निव्वळ योगायोग.

ओळी दिसायला जुळ्या होत्या. कामं वेगळी.

कंप्युटरला मनाने आकडा काढता येत नाही. तीच सुरुवात दिली की तेच उत्तर. म्हणून की-बोर्डवरच्या दोन टकटकींमधला वेळ, डिस्कच्या कामातला सूक्ष्म मागेपुढेपणा असा खराखुरा अनिश्चितपणा गोळा करून एका साठ्यात कालवतात आणि त्यातून किल्ल्या, म्हणजे गुप्त व्यवहार कुलूपबंद करणारे आकडे, घडवतात. बंद केलेली एक ओळ साठ्यातून आकडे काढताना लागायची. कुणी न लिहिलेली मेमरी चिमूटभर मिठासारखी वरून टाकायची. ती गेल्याने काही बिघडलं नसतं. दुसरी मात्र साठ्याचं तोंडच होती. बाहेरचा सगळा अनिश्चितपणा तिच्यातूनच आत यायचा.

तोंड बुजल्यावर आत पोचत राहिली एकच बदलती गोष्ट : चालू प्रोग्रॅमचा क्रमांक. लिनक्समध्ये तो साधारणपणे 1 ते 32,767 यांपैकी असायचा. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका मापाच्या किल्ल्या फार तर 32,767. खरं तर 2048 बिटांच्या आरएसए या प्रकारच्या किल्लीतला मुख्य आकडा 617 अंकी असतो, आणि असे आकडे मोजता मोजता विश्व संपेल!

मग 20 महिने कुणाला कळलं कसं नाही? पत्ते घ्या. 52 पत्ते लावण्याच्या रीती मोजल्या तर 68 अंकी संख्या येते. समजा, पिसणाऱ्याला त्यातल्या 32,767च येतात. एखादा डाव बघून तुम्ही काय ओळखणार? पानं छान मिसळलेलीच दिसतात. किल्लीचंही तसंच. ती घोटून घोटून निघते, संख्याशास्त्राच्या चाचण्याही बिनबोभाट पार करते. अनिश्चितपणा आकड्याच्या अंगावर नसतो, तो कुठून आला त्यात असतो. (अंकशास्त्र्याला पैसे मोजून 'लकी' मोबाइल नंबर आणि पिन घेणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. तुमचा भाग्यांक चोराच्या यादीतही वरच असतो.)

मे 2008 मध्ये लुसियानो बेलो याने हे उघडकीला आणलं आणि 13 मे रोजी दुरुस्ती आली. उबुंटू डेबियनवरूनच बेतलेलं, त्यालाही झळ बसली. पण दुरुस्तीने फक्त कारखाना सुधारला. आधी घडवलेल्या किल्ल्या खिशात तशाच होत्या, आणि त्या दुरुस्त मशीनवर नेल्या तरी कच्च्याच.

डीएसए प्रकारच्या किल्ल्यांचं दुखणं त्याहून वाईट. त्या संदेशावर डिजिटल सही करायला वापरतात, आणि प्रत्येक सहीला एक ताजा गुप्त आकडा लागतो, त्याला 'के' म्हणू. सहीच्या समीकरणात संदेश आणि सहीचे दोन भाग सगळ्यांना दिसतात. अज्ञात दोनच, 'के' आणि तुमची किल्ली. 'के' अंदाजाने सापडला की उरतं शाळेतलं एका चलाचं समीकरण. त्यामुळे दुसरीकडे घडवलेली चोख किल्लीसुद्धा बिघडलेल्या मशीनवर एकदा सही करून आली असेल, तर बाद.

म्हणून डेबियनने दुरुस्तीबरोबर आणखी एक गोष्ट धाडली : कच्च्या किल्ल्यांची काळी यादी. अपडेटनंतर एसएसएच सर्व्हर (दूरच्या कंप्युटरवर सुरक्षितपणे शिरू देणारा प्रोग्रॅम) समोर आलेली किल्ली त्या यादीत शोधायचा, सापडली की दार उघडायचा नाही. एरवी अशी यादी करणं अशक्यच. इथे किल्ल्याच इतक्या थोड्या होत्या, की एकेक करून सगळ्या लिहून काढता आल्या.