शाळेत येणारे पालक आणि शिकण्यात असणारे पालक

‘आमच्याकडे पालकांचा सहभाग उत्तम आहे,’ असं कोणी सांगितलं की पुढे हजेरीचे आकडे येतात. सभेला किती आले, वार्षिक कार्यक्रमात किती जणांनी हातभार लावला, ग्रुपवर किती जण उत्तरं देतात. अनेक वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते आहे, आणि हा घोळ इतक्यांदा ऐकला आहे की आता राहवत नाही. हे आकडे शाळेतल्या सहभागाचे आहेत. मुलाच्या शिकण्यातला सहभाग ही वेगळी गोष्ट आहे. पहिली गोष्ट भरपूर असूनही दुसरी जवळजवळ नसलेली घरं असतात, आणि याच्या उलटही.

शाळेतला सहभाग सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॉयस एपस्टाइन यांनी १९९५ च्या लेखात कुटुंबांच्या सहभागाचे सहा प्रकार मांडले: संगोपन, शाळा-घर संवाद, स्वयंसेवा, घरचं शिकणं, निर्णयांत वाटा आणि समाजाशी सहकार्य. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही यादी बहुतेकांनी पाहिलेली असते. मला खटकतं ते एवढंच, की सहांपैकी जे मोजायला सोपं तेच मोजलं जातं. सभेला आलेली माणसं मोजता येतात, जेवताना झालेलं बोलणं कसं मोजणार?

काही फरक किरकोळ आहेत. एक शाळेत घडतं आणि दुसरं घरी, हा त्यांतलाच. आई करते की बाबा, आजी करते की मोठी ताई, यानेही फारसं बिघडत नाही. रोज एक तास द्यायलाच हवा असंही नाही.

खरी गफलत पुढे आहे, आणि ती करणारे पालक सर्वांत कळकळीचे असतात. ‘शिकण्यात लक्ष घाला’ म्हटलं की त्यांना ‘अभ्यास घ्या’ असं ऐकू येतं. मग वह्या तपासणं, खाडाखोड करून घेणं, उत्तर सांगणं, प्रकल्प स्वतःच करून देणं सुरू होतं. ब्रिटनमधल्या जॅनेट गुडॉल आणि कॅरोलिन माँटगोमेरी यांनी २०१४ मध्ये हा प्रवास एका सलग रेषेसारखा मांडला: आधी शाळेतला सहभाग, मग शालेय शिक्षणातला सहभाग आणि शेवटी मुलाच्या शिकण्याशी जोडलेपण. माझ्या मते लोक अडकतात ते मधल्या थांब्यावर. गृहपाठ, गुण, डायरीवरची सही हे सगळं त्या मधल्या थांब्यावरचं. तिथे पोहोचलेल्या पालकाला वाटतं, आपण पोहोचलो.

एक उदाहरण घेते. मुलीने ४२ मधून १७ वजा करून उत्तर ३५ लिहिलं आहे.

अभ्यास घेणारा पालक म्हणतो, ‘चुकलं. खोड आणि २५ लिही.’ वही बरोबर होते. सकाळी मला स्वच्छ पान दिसतं आणि मी समजते की हिला वजाबाकी आली.

दुसरा पालक विचारतो, ‘हे कसं काढलंस, मला सांग ना.’ ती सांगते, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. पाच. मग चारातून एक, तीन.’ आता कळलं की चूक आकडेमोडीची नाही. मोठ्यातून लहान अंक काढायचा, असा तिने स्वतःच नियम केला आहे. मग पालकाने एवढंच विचारावं: ‘तुझ्याकडे ४२ मणी आहेत, त्यांतले १७ मला दिलेस. ३५ उरतील?’ ती थांबते, मोजून बघते. उत्तर त्या दिवशी मिळालं नाही तरी चालेल. वहीत ३५ तसंच राहू द्यावं, मला ते बघायचं आहे!

इथे दुसऱ्या पालकाला गणित यायलाच हवं असं नाही. ‘आम्हाला कुठे येतं हे?’ म्हणून बाजूला होणाऱ्या पालकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. ऐकायला आणि ‘कसं?’ विचारायला शाळा शिकलेली असावी लागत नाही.

उलट, येत नसल्याच्या धास्तीने घेतलेला अभ्यास महागात पडू शकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिली-दुसरीची मुलं आणि त्यांचे पालक होते. गणिताची भीती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करत, तिथे मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची स्वतःची भीतीही वाढलेली दिसली. असे पालक क्वचितच मदत करत, तिथे तो परिणाम दिसला नाही. पण म्हणून पालकांनी लांब राहावं, असा अर्थ काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. त्याच वर्षी त्याच गटातल्या संशोधकांनी घरी गणिताच्या छोट्या गोष्टी एकत्र वाचून त्यावर बोलायला दिलं, तेव्हा मुलांची प्रगती झाली, आणि गणिताला घाबरणाऱ्या पालकांच्या मुलांना विशेष फायदा झाला. पालक तसेच, विषय तोच. फक्त तपासणीच्या जागी गप्पा आल्या.

आता शाळेच्या बाजूबद्दल, कारण मधल्या थांब्यावर पालकांना आणून सोडतो आम्हीच. आमचे निरोप बघा: वही पूर्ण करून घ्या, पाढे पाठ करून घ्या, उद्या चार्ट पाठवा. प्रत्येक वाक्यात ‘करून घ्या’. वर शिक्षकांच्या खोलीत ‘यांना मुलांत रसच नाही’ हे वाक्य. ते मला अजिबात सहन होत नाही. सभेच्या वेळी कामावर असलेली आई रात्री मुलाकडून त्याच्या धड्यातली गोष्ट ऐकत असेल, तर आमच्या हजेरीपत्रकात ती गैरहजर असते. चार्ल्स डेसफोर्जेस यांनी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या आढाव्यात प्राथमिक वयात पालकांच्या सहभागातल्या फरकाचा परिणाम शाळांच्या दर्जातल्या फरकापेक्षाही मोठा असल्याचं म्हटलं होतं. तिथे वजन होतं ते घरच्या वातावरणाला आणि बोलण्याला.

मी दहा सूचनांचा कागद पाठवणं बंद केलं आहे. आठवड्याला एकच निरोप जातो, दोन ओळींचा. पहिल्या ओळीत वर्गात काय चाललं आहे: ‘या आठवड्यात आम्ही दशक सुटा करून वजाबाकी करतो आहोत.’ दुसऱ्या ओळीत मुलाला विचारायचा एक प्रश्न: ‘सुट्या काड्या कमी पडल्या तर तू काय करतोस, मला दाखव.’ खाली सहीची जागा नसते. त्याऐवजी एक रिकामी ओळ असते, मूल काय म्हणालं ते लिहायला किंवा मला फोनवर बोलून पाठवायला. त्या ओळींवरून मी सोमवारचा पाठ ठरवते.