कोंडी (वाटाघाटींतील)

दोन पक्षांची बोलणी चालू असतात, पण कोणालाच पुढे सरकता येत नाही आणि उठूनही जाता येत नाही, या अवस्थेला कोंडी म्हणतात. शब्द ‘कोंडणे’ या क्रियापदाच्या घरातला, म्हणून कोंडी फुटते किंवा फोडावी लागते. तिढ्यात गुंता असतो, तो सुटतो. नेमके कुठे अडले हे सांगायला ‘घोडे अडले’ म्हणतात: बोनसवर एकमत झाले, घोडे अडले ते थकबाकीवर. बोलणी फिसकटली म्हणजे मात्र बैठकच मोडली. बातम्यांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते. ती टाळायला हवी, कारण कोंडीत तडजोडीची वाट अजून उघडी असते.

कोंडी ओळखायची खूण म्हणजे पुढची तारीख पडते, पण इतिवृत्तात मागच्याच बैठकीची वाक्ये येतात. आकड्यांतले अंतर हे कारण असतेच असे नाही. समोर बसलेल्याला सही करण्याचा अधिकार नसणे, किंवा जाहीर सभेत शब्द देऊन बसल्याने माघार अवघड होणे, ही कारणे अधिक चिवट ठरतात.

अधिकाराच्या प्रश्नाचे ठळक उदाहरण मुंबईच्या गिरणी संपाचे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. ते कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे होते. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार बोलणी करण्याचा हक्क मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. ज्यांच्याशी बोलून संप मिटला असता त्यांना कायद्याने जागा नव्हती, आणि ज्यांना जागा होती त्यांचे कामगार ऐकत नव्हते. हा कायदा रद्द करा, ही मागणीही संपात होतीच. संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधीच झाली नाही.

कोंडी फोडताना अडलेला मुद्दा बाजूला ठेवून बाकीच्यांवर आधी लेखी सहमती घेतात, किंवा अंतरिम रकमेवर तात्पुरते निभावतात. तेही जमले नाही तर तिसरा माणूस लागतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे काम समेट अधिकाऱ्याकडे होते आणि अहवालाला 14 दिवसांची मुदत होती; सर्व पक्षांच्या संमतीने ती वाढवता येई. समेट न झाल्यास तो तसा अहवाल शासनाला पाठवी, आणि वाद न्यायाधिकरणाकडे सोपवायचा की नाही हे शासन ठरवी.