ईएसलिंट: नियम चालू असणं वेगळं, ऑप्शनचा डिफॉल्ट वेगळा

ईएसलिंट म्हणजे जावास्क्रिप्ट कोड नियमांनुसार तपासणारं टूल (लिंटर). ऐरोली-महापेच्या टीम्सची कोडिंग गाइडलाइन्स वाचताना त्याच्याबद्दल एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते: "मॅक्स-पॅराम्स, डिफॉल्ट 3." मॅक्स-पॅराम्स म्हणजे फंक्शनला जास्तीत जास्त किती पॅरामीटर असावेत, हे ठरवणारा नियम. वाचणारा समजतो, चौथा पॅरामीटर लिहिला की ईएसलिंट अडवणार. अडवत नाही. सात पॅरामीटरचं फंक्शन बिनबोभाट मर्ज होतं.

तो 3 ऑप्शनचा डिफॉल्ट आहे. नियम लावला आणि मर्यादा दिली नाही, तरच तो कामाला येतो. नियम मुळात चालू आहे का, हे त्यावरून कळत नाही. मॅक्स-पॅराम्स 'रेकमेंडेड' या ईएसलिंटच्या तयार नियमसंचात नाही, त्यामुळे कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) कुणी लावेपर्यंत तो बंदच. रेग्युलेटर तीनवर असला तरी बटण दाबल्याशिवाय पंखा फिरत नाही. कॉम्प्लेक्सिटी (फंक्शनमधल्या वाटांची गुंतागुंत) या नियमाचा 20 आणि मॅक्स-डेप्थ (ब्लॉकमध्ये ब्लॉक किती खोल) या नियमाचा 4 यांचंही तेच.



उलट बाजूचा घोळ जास्त महागात पडतो. नो-अनयूज्ड-व्हार्स, म्हणजे न वापरलेले व्हेरिएबल पकडणारा नियम, रेकमेंडेडमध्ये आहे. पण त्याच्या कॉटएरर्स (कॅचमध्ये पकडलेले एररही तपासायचे का) या ऑप्शनचा डिफॉल्ट 2024 मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत 'नन'चा 'ऑल' झाला. कॉन्फिगची एकही ओळ न बदलता अपग्रेड करा. कॅचमध्ये 'ई' पकडून न वापरलेली प्रत्येक जागा लाल होते. मग ग्रुपवर "लिंटर बिघडला" सुरू. नियम आधीही चालू होता, आताही आहे. बदलला तो ऑप्शनचा डिफॉल्ट.

शेअर्ड (अनेक प्रोजेक्ट्सच्या सामायिक) कॉन्फिगमध्ये मॅक्स-पॅराम्सची मर्यादा 5 असेल आणि प्रोजेक्टमध्ये तुम्ही नुसतं 'वॉर्न' (फक्त इशारा दे) लिहिलंत, तर ती 3 वर येत नाही, 5 च राहते. पण ऑप्शन्स स्वतः दिलेत, की आधीचे सगळे जातात. दोन्हींची बेरीज होत नाही.

म्हणून गाइडलाइनमध्ये दोन रकाने हवेतच: "आपल्याकडे चालू?" आणि "मर्यादा न दिल्यास". दोन्ही गोष्टी एकाच "डिफॉल्ट"खाली कोंबलेलं पान मी रिव्ह्यूमधून परत पाठवतो. टीमला हवा तो आकडा कॉन्फिगमध्ये लिहूनच टाका, मग तो डिफॉल्टइतका का असेना. शंका असेल तर ईएसलिंटला प्रिंट-कॉन्फिग हा पर्याय देऊन एखाद्या फाइलवर चालवा. नियमापुढे 0 आला, किंवा नियम यादीतच नसला, तर त्या फाइलसाठी तो बंद आहे.